आरक्षित मतदारसंघ, अनारक्षित बाररूम

बागलाण विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सटाण्यातून आमदार कोण व्हावा, इथवर संविधानाचा हात पोहोचला. पण त्याच सटाण्याच्या कोर्टात ज्युनिअरला बसायला खुर्ची कोण देणार, मोठं काम कोणाच्या टेबलावर जाणार, वकील परिषदेत आपल्या वतीने कोण बोलणार, हे ठरवणाऱ्या पदांवर कसलंच आरक्षण नाही. ती पदं आपण कधी मागितलीही नाहीत.

14 मे 2025 रोजी भूषण गवई सरन्यायाधीश झाले तेव्हा गावोगावी फटाके वाजले. वाजायलाच हवे होते. पहिले बौद्ध सरन्यायाधीश, अमरावतीचे, आपले. त्यानंतर चारच दिवसांत मुंबईत वकील परिषदेने त्यांचा सत्कार केला, तर राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त तिकडे फिरकलेही नाहीत. ऑक्टोबरमध्ये भर कोर्टात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबरमध्ये ते निवृत्त झाले. आता पुढे काय? 2018 ते 2022 या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या 537 न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे 2.8 टक्के आणि जमातींचे 1.3 टक्के, हे खुद्द कायदा मंत्रालयाने संसदीय समितीला सांगितलं. हे न्यायाधीश बहुतेक वकिलांमधूनच निवडले जातात. म्हणजे चाळणी त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

ती चाळणी बाबासाहेबांनी भोगली आहे. ग्रेज इनचे बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या. तरी 1923 मध्ये सनदेसाठी नवल भथेनांकडून पैसे घ्यावे लागले. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे येत नसे, काम सॉलिसिटरच्या फर्ममार्फत यायचं. अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. न्यायाधीशाने त्यांना अडवलं नव्हतं, कायद्यानेही नाही. फर्म चालवणाऱ्याने अडवलं. म्हणून बाबासाहेब खालच्या कोर्टांत, जिल्ह्याजिल्ह्यांत लढले. 1926 मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकर-बागडे यांची बाजू मांडून जिंकले.

त्या सॉलिसिटरांच्या गादीवर आज कॉर्पोरेट लॉ फर्म बसल्या आहेत. शंभर वर्षांची अमरचंद मंगलदास 2015 मध्ये दोन भावांत वाटली गेली, एखादी वडिलोपार्जित वाडी वाटावी तशी. या फर्म चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना आहे, सोसायटी ऑफ इंडियन लॉ फर्म्स. तिचं अध्यक्षपद दोन दशकांहून जास्त काळ ललित भसीन या एकाच नावाशी जोडलेलं राहिलं. अशा संघटनेचा अध्यक्ष म्हणजे नुसता हारतुऱ्यांचा मानकरी नसतो. तो मंत्रालयात जातो, धोरणावर बोलतो, ‘वकिली पेशाचं म्हणणं’ म्हणून जे छापून येतं ते त्याचं म्हणणं असतं. मार्च 2023 मध्ये भारतीय वकील परिषदेने परदेशी फर्मना दार उघडण्याचे नियम काढले, तेव्हा या मंडळींचा आक्षेप होता की आम्हाला समान संधी द्या. वा! लंडन-न्यूयॉर्कच्या फर्मसमोर उभं राहायचं तर समान संधी हवी. मग बागलाणच्या कोकणा किंवा भिल्ल पोरीला तुमच्या नरिमन पॉइंटच्या ऑफिसात यायचं असेल तेव्हा तुम्हाला ‘मेरिट’ का आठवतं?

कोणी म्हणेल, खासगी संघटना आहे, तिथे आरक्षण कसं मागणार? ठीक. मग वकील परिषदेचं बोला. ती खासगी नाही, 1961 च्या वकील कायद्याने जन्माला आली आहे. त्या कायद्यात सनदेसाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये इतकंच शुल्क लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात देशभरातल्या परिषदा 15 हजारांपासून 42 हजारांपर्यंत वसूल करत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, पण आधी घेतलेले पैसे परत करायला सांगितलं नाही. आईबाप कांद्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या घरातून आलेल्या पोराने 125 ऐवजी हजारो रुपये भरले, ते गेलेच. त्या परिषदांच्या बैठकीत आपला एक तरी माणूस कलम 24 हातात घेऊन उभा राहिला असता तर?

महिलांनी भांडून मिळवलं. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्ट बारच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा, मग डिसेंबर 2025 मध्ये राज्य परिषदांत 30 टक्के. 2025 मध्येच बंगळूरूच्या वकील संघात एससी, एसटी, ओबीसींना जागा मागितल्या, तेव्हा कोर्टाने हात घालायला नकार दिला. जातीवर बार विभागायला नको म्हणे. जणू तो आज विभागलेला नाही!

कोर्ट देईल तेव्हा देईल. पण याच कायद्यात एक हत्यार पडून आहे आणि आपण त्याकडे बघतही नाही. महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेत 25 सदस्य निवडून जातात, ते एकल संक्रमणीय मतपद्धतीने. सगळे राज्य एकच मतदारसंघ. 25 जागांचा कोटा निघतो साधारण एक सव्वीसांश, म्हणजे शंभरात चार मतांहूनही कमी. सटाण्याच्या वकिलाचं पहिल्या पसंतीचं मत मुंबईच्या सिनिअर कौन्सिलच्या मताइतकंच मोजलं जातं. ही पद्धत संघटित अल्पसंख्येसाठीच बनलेली आहे. 1946 मध्ये मुंबईतून वाट बंद झाल्यावर बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेत गेले ते याच पद्धतीने, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या आमदारांनी पसंतीची मतं गोळा करून आणली म्हणून. आपण मात्र बारच्या निवडणुकीत पहिली पसंती ‘साहेबांना’ देतो, कारण साहेबांनी एकदा केस दिली होती.

सटाणा देवमामलेदारांचं गाव. दुष्काळात सरकारी खजिना उघडणाऱ्या मामलेदाराचं देऊळ इथे आहे, यात्रा भरते. चांगल्या अधिकाऱ्याबद्दल आदर असावा. पण आपल्याला दयाळू मामलेदाराची वाट बघायची नाही, खजिन्याच्या किल्लीवर हक्क सांगायचा आहे.

सटाणा, देवळा, कळवण, मालेगावच्या बाररूममध्ये सनद घेऊन बसलेल्या आपल्या मुलामुलींची यादी आज कोणाकडे आहे? जयंतीच्या डीजेच्या वर्गणीची वही प्रत्येक मंडळाकडे असते, ही यादी नसते. ती करायला आठ दिवस लागतील. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला ग्रामीण भागात दरमहा 15 हजार आणि शहरात 20 हजार मानधन द्यावं असं परिपत्रक काढलं, तेही फक्त शिफारस म्हणून. पुढच्या वेळी मत मागायला जो उमेदवार सटाण्याला येईल, त्याला चहा नंतर द्या. आधी विचारा: हे मानधन बंधनकारक करण्याचा ठराव मांडणार का? परिषदेच्या सदस्यांची आणि समित्यांची जातनिहाय मोजणी जाहीर करणार का? उत्तर कागदावर, सहीसकट घ्या.