दोष डोक्याचा की पायाचा?

‘आमच्या मुलास गणिताचे डोकेच नाही’ हे वाक्य नवीन जालन्यातील सुशिक्षित घरांतूनही इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की जणू डोक्याचे वाण जन्मतःच ठरून येते! ज्या गावचे बियाणे दूरदूरच्या शेतांत पेरले जाते, त्याने तरी जमीन न पाहता बियाण्यास नावे ठेवू नयेत.

नववीच्या मुलास ३क्ष = १२ हे समीकरण द्यावे. पुष्कळदा उत्तर येते, क्ष = ९. यात मूर्खपणा मुळीच नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र त्यास पढविलेला असतो. म्हणून ३ पलीकडे नेताना त्याने तो वजा केला, इतकेच. समीकरण म्हणजे तराजू. एका पारड्यात तीन सारख्या थैल्या, दुसऱ्यात बारा किलो, हे त्यास कोणी दाखविलेच नाही. मोंढ्यात मापाड्याशेजारी बसलेले पोर हा हिशेब तोंडी करील. तसेच १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ सांगणारा विद्यार्थी बीजगणितात अडलेला नसतो. तो पाचवीतच अडलेला असतो.

यावर आपला उपाय कोणता? क्लास लावणे, म्हणजे तीच उदाहरणे अधिक वेगाने. सरकारी उपाय त्याहून अजब. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानातील ३५ गुणांची मर्यादा २० वर आणून, गुणपत्रिकेवर त्या विषयांची पुढील वाट बंद करणारा शेरा मारण्याची सूचना निघाली. लंगड्यास कुबडी द्यावी आणि दारास कडी घालावी, त्यातलाच हा प्रकार!

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अव्यक्त राशींस यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे वापरली. ‘जेवढे असेल तेवढे’, मग काळे, निळे. अज्ञातास बोलके नाव मिळाले की भय निम्मे ओसरते. परंतु त्याआधी मागे जावे लागेल. अपूर्णांक आणि ऋणसंख्या यांस दोन-तीन महिने द्यावे लागतील. येथेच पालकांचा अभिमान आडवा येतो. नववीच्या मुलाने पाचवीची उदाहरणे करावीत, हे शेजाऱ्यांस कसे सांगावे?

सांगू नका. क्लासची फी भरण्यापूर्वी मुलास जवळ बसवून एवढेच विचारा, की दीड आणि पाऊण मिळून किती? ‘सव्वादोन’ म्हणण्यास तो अडखळला, तर प्रारंभ कोठून करावयाचा ते आपणांस कळले.