मौन म्हणजे संमती नव्हे

‘मौनं संमतिलक्षणम्’ असे आपण विवाह ठरविताना कौतुकाने म्हणतो. हीच समजूत न्यायासनासमोर किती निर्दय ठरते, याचा प्रत्यय एका अनाथ आदिवासी मुलीला आला. मार्च १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाला. बाहेर येताच तिने जमलेल्या लोकांना ते सांगितले. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. भयापोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही, असे मानून त्यांना निर्दोष ठरविले.

पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला : पोलीस कोठडीतील अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. आजच्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे.

त्या मुलीच्या पदरी मात्र न्याय पडला नाही. आपल्या घरातील लेक उद्या काही सांगू लागली, तर ‘तू ओरडली का नाहीस?’ असे विचारण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तिची आठवण ठेवावी.