सावलीचे भाडे

अमेरिकेतील सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ साली असा एक उपक्रम आरंभिला की, जो आमच्या विद्यापीठीय मुत्सद्द्यांच्या कानी पडल्यास त्यातील निम्मा भाग ते तत्काळ अंमलात आणतील आणि उरलेला निम्मा विचारार्थ ठेवतील. आवारात मोटार उभी करण्याचा परवाना महाग करावयाचा आणि त्या वसुलीचा काही अंश घालून विद्यार्थ्यांना व सेवकवर्गाला बसचा पास स्वस्तात द्यावयाचा, अशी ती योजना. आमच्याकडे कोणता निम्मा भाग आधी उचलला जाईल, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

आमच्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळच्या थांब्यावरून मेहकरला किंवा खामगावला शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याचा विद्येशी संबंध येतो तो एसटीच्या मार्फत. मासिक पासावर त्याला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा तो स्वतः भरतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने चालणाऱ्या योजनेखाली तोही भरावा लागत नाही. सवलतीची भरपाई शासनाने महामंडळाला करावयाची असते. या जमाखर्चात आमचे विद्यापीठ कोठे आहे, असा शोध घेऊ गेल्यास ते १ मे १९८३ पासून अमरावतीस आहे आणि यथाकाल परीक्षा घेत आहे, एवढेच उत्तर मिळते. परीक्षेच्या वेळी बस चुकू न देण्याची जबाबदारी अर्थातच परीक्षार्थीची. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने गाड्यांची चाके थांबली आणि ती पूर्ववत फिरू लागण्यास पुढच्या वर्षाचा एप्रिल उजाडला. त्या महिन्यांत ज्याच्या घरी दुचाकी होती त्याची हजेरी लागली आणि ज्याच्या घरी नव्हती त्याची लागली नाही, इतका सरळ हिशेब होता.

परवान्याची कल्पना आम्हांस अपरिचित आहे असे मात्र नव्हे. सायकल-स्टँडची फी ही आमच्या महाविद्यालयांतील जुनी बाब आहे. तेथे आता सायकल अपवादानेच दिसते, पण शिरस्ता टिकून आहे, आणि कित्येक ठिकाणी ही वसुली मक्त्याने देऊन संस्था चिंतामुक्त झाल्या आहेत. ज्या दुचाकीचे हप्ते बापाच्या सोयाबीनवर अवलंबून, तिला पावती. आणि कचेरीसमोर लिंबाच्या सावलीत जी मोटार दिवसभर विसावते, तिला बहुधा पावती नाही, कारण ती मोटार पावती देणाऱ्यांची असते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, फुकट मिळणारी वाहनाची जागा वस्तुतः फुकट नसते, तिचे भाडे ज्याच्यापाशी वाहनच नाही असा मनुष्यही नकळत भरीत असतो. आमच्या संस्थाचालकांनी हा सिद्धान्त न वाचताच आचरणात आणला आहे.

सिअॅटलच्या या योजनेत एक मौजेचा पेच आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. मोटारींच्या परवान्यावर बस चालवावयाची, तर बस यशस्वी होताच मोटारी घटतात आणि मोटारी घटताच बसचा निधी आटतो. आमच्या राज्यात दारूवरील कर गोळा करणे आणि दारूबंदीचा कायदा पाळविणे ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे आहेत, त्यामुळे हा प्रकार आम्हांस समजावून सांगावा लागणार नाही. सिअॅटलच्या विद्यापीठानेही २०११ साली पासाचे शुल्क सरसकट सर्व विद्यार्थ्यांवर बसविले, मग तो बसमध्ये बसो वा न बसो.

तालुक्याच्या महाविद्यालयाला वाहनपरवान्याच्या वसुलीतून बस विकत घेता येणार नाही, हे मान्य. परंतु प्रयोगशाळेचा शेवटचा तास संपल्यानंतर जानेफळकडे गाडी नाही म्हणून जो विद्यार्थी तास अर्ध्यावर सोडून स्थानकाकडे धावतो, त्याच्यासाठी सायंकाळची एखादी फेरी सुरू ठेवण्याची तजवीज आगारप्रमुखांशी बोलून करता येईल. तिला तोटा आला तर तो काही अंशी भरून द्यावयाचा, आणि परीक्षेच्या दिवसांत प्रासंगिक करारावर गाडी घ्यावयाची, एवढ्यापुरती ही रक्कम उपयोगी पडावी. अट एकच, की परवान्याचा पैसा स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, त्याचा हिशेब दरसाल सूचनाफलकावर लागावा, आणि परवाना दुचाकीच्या आधी मोटारीला, मोटारींतही प्रथम सावलीतल्या मोटारीला लागू व्हावा.

यासाठी समिती नेमावी लागेल, ती अवश्य नेमावी. सदस्यांना बैठकीस येण्याजाण्याचा भत्ता मोटारीच्या दराने मिळेल, अशी तरतूद मात्र ठरावाच्या पहिल्याच कलमात घालावी, म्हणजे ठराव मंजूर होण्यास विलंब लागणार नाही.