पॅरालीगलचा कोर्स झाला, पण सातबारा वाचता येतो का?

तालुक्याच्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर सोमवारी सकाळी अकराला जाऊन उभं राहा. झाडाखाली टेबल, त्यावर प्रिंटर, शेजारी तिकिटं आणि कोरे कागद घेऊन बसलेला माणूस. त्याच्यापुढे चार-पाच जणांची रांग, त्यात दोन तरी बाया. कुणाची वारस नोंद अडली आहे, कुणाचा रस्ता बांधकऱ्याने नांगरला आहे. हा माणूस वकील नाही आणि त्याने कुठला कोर्सही केलेला नाही. पण गावाकडच्या माणसाला कायद्याचा पहिला शब्द तोच सांगतो. खरं तर आपल्याकडचा पॅरालीगल हाच, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

हे काम शिकवणारे अभ्यासक्रम आता आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावी पास मुलाला घरी बसून करता येतो. भारतीय न्यायव्यवस्था, कायद्याची ओळख, दुर्बल घटक आणि कायदा, ग्रामीण स्थानिक स्वराज्य असे त्यात विषय आहेत आणि शेवटी एक प्रकल्प आहे. दुसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाची. २००९ पासून देशभर विधी स्वयंसेवक नेमले जातात. शिक्षण शक्यतो दहावी. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं यांना घेतात, एवढंच काय, चांगल्या वर्तणुकीच्या जुन्या शिकलेल्या कैद्यांनाही तुरुंगातल्या कामासाठी घेता येतं. त्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि रोजच्या कामाची डायरी मिळते. तिसरी वाट लॉ कॉलेजची. तिथे विधी सहाय्य केंद्र चालवणं कॉलेजला बंधनकारकच आहे.

मग अडचण कुठे आहे? शिकवलं जातं ते कोर्ट, आणि गावाचं भांडण असतं कचेरीत.

अभ्यासक्रम देशासाठी बनतो. त्यात राज्यघटना येते, मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ येतं, अटक झालेल्याचे हक्क येतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकातले कलम नंबर पाठ केलेल्यांना ते सगळं नव्याने करावं लागलं. हे सगळं लागतंच. ठाण्यात तक्रार घेत नाहीत तेव्हा झिरो एफआयआर माहीत असलेला पोरगा सोबत असला तर फरक पडतो, ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते हे माहीत असलं तर आणखी पडतो. पण जमीन हा राज्याचा विषय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. दिल्लीत छापलेल्या पुस्तकात फेरफार, गाव नमुना सहा, एकुमॅ हे शब्द येणार कुठून? आणि तालुक्यात येणाऱ्या दहा अर्जांत बरेचसे ह्याच शब्दांभोवती फिरतात.

एक साधं उदाहरण घेऊ. बाप वारला. दोन भाऊ, एक बहीण नांदायला गेलेली. वारस लावताना थोरल्याने दोघा भावांचीच नावं दिली. तलाठी कार्यालयातून नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात भाऊसाहेबच चालतं.) नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. बहिणीला कळलं दिवाळीला. आता ती झाडाखालच्या टेबलाशी येते. टेबलवाला तिला तहसीलदाराच्या नावाने एक अर्ज लिहून देतो, 'माझे नाव सातबाऱ्यावर लावावे ही विनंती.' अर्ज आवक होतो, शिक्का बसतो, बाई समाधानाने घरी जाते. तीन महिन्यांनी उत्तर येतं की नोंद मंजूर झालेली आहे, अपील करा.

आणि अपिलाची मुदत असते साठ दिवस, आदेश मिळाल्यापासून. बाईला विनंती अर्ज नको होता. तिला प्रांताकडे अपील हवं होतं आणि उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज. हा फरक सांगायला वकील लागत नाही. फेरफाराची नक्कल काढून तारीख बघणारं माणूस लागतं. पंधरा दिवसांच्या आत हरकत आली असती तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेलं असतं आणि सुनावणी झाली असती. अपिलाचे साठ दिवसही गेले तरी सगळं संपत नाही, हे तर टेबलवाल्यालाही बहुधा ठाऊक नसतं. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. संहितेप्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच. नाव नाही म्हणून हिस्सा गेला असं होत नाही. वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो. आणि विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती हे कुणी विचारत नाही. पुरुष सर्वसाधारण गटातला असेल तर महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्नाची अट लागते. अर्ज कुठे? तालुका विधी सेवा समितीकडे, कोर्टाच्या आवारातच. फोन करायचा तर १५१००.

एवढी साखळी जोडता आली तर तो पॅरालीगल. बाकी पाठांतर.

उलटी बाजू जास्त काळजीची आहे. अर्धवट शिकलेला माणूस बहिणीला दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो, 'नोंदीसाठी कागद लागतो ताई' म्हणून. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, अर्ज यावर ती होते. नोंदणी झालेलं हक्कसोड मोडायचं तर फसवणूक सिद्ध करावी लागते, त्यात वर्षं जातात. मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ लाच दिला, देशाने २००५ ला. बाप २००५ ला हयात होता की नव्हता हा वादही सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. कायदा एवढा पुढे गेला, सही मात्र अजून भाऊबीजेच्या ओवाळणीवरच होते.

रस्त्याचंही तसंच. शेजाऱ्याने चालू वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नाही, नवा हवा, तर महसूल संहितेचं कलम १४३, हद्दीवरून. दोन वेगळे अर्ज. पहिल्यात अपील नाही, फक्त फेरतपासणी. लोक १४३ टाकतात, वर्षभर तारखा घेतात, मग कळतं की पाचचा अर्ज करायला हवा होता आणि सहा महिने कधीच निघून गेले. पेरणीच्या तोंडावर बैलगाडी बांधावर अडलेली असते, शेतकऱ्याला कलमाचं काय सुचणार.

सरकारकडून गेल्या दोन-तीन वर्षांत याच विषयावर बरंच काही आलं. २०२३ मध्ये सलोखा योजना आली, ज्यात एकमेकांच्या नावावरच्या जमिनी कसणारे शेतकरी हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीत अदलाबदल करू शकतात, ताबा बारा वर्षांचा असला पाहिजे. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायला. मोहीम चांगलीच. पण मोहिमेत घाई असते आणि घाईत वारसातली मुलगी सुटते. अशा वेळी गावात बसून वारसांची यादी वाचणारा एक प्रशिक्षित माणूस किती कामाचा, हे वेगळं सांगायला नको.

मग तो माणूस असा तयार का होत नाही? एक कारण पोटाचं आहे. विधी स्वयंसेवकाला पगार नाही, काम दिलं त्या दिवसाचं मानधन. योजनेत सुरुवातीला ठरलेली किमान रक्कम दिवसाला अडीचशे रुपये. शेतमजूर त्याहून जास्त घेतो. लाभार्थ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर नाव कमी होतं, आणि ते योग्यच आहे. डिप्लोमावाल्याची तर सनदच नाही. १९६१ च्या वकील कायद्याप्रमाणे कोर्टात उभं राहायचा अधिकार फक्त वकिलाला, दुसरा कुणी वकिली करताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा तो एकतर वकिलाच्या ऑफिसात नकला काढतो किंवा वर्षभरात स्वतःचंच टेबल झाडाखाली मांडतो. ज्याच्या हातून लोकांना सोडवायचं, त्याच्याच रांगेत तो जाऊन बसतो. यात त्या पोराला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण मात्र दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि त्याला खर्चही फार नाही. प्रकल्प. डिप्लोमात आहे, लॉ कॉलेजच्या केंद्रात आहे, स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणात भेटी आहेत. बहुतेक ठिकाणी तो प्रकल्प म्हणजे महिला हक्कांवर पंचवीस पानं, अर्धी इकडून-तिकडून उतरवलेली. त्याऐवजी एका गावचे पाच सातबारे हातात द्यावेत. प्रत्येक नावापुढच्या आकड्यावरून फेरफार शोधायला लावावा. कंस झालेलं नाव कुणाचं, कधी आणि कोणत्या नोंदीने झाला ते लिहायला लावावं. 'एकुमॅ' लिहिलेल्या थोरल्याच्या मागे किती भाऊ-बहिणी दडलेत ते जुन्या नोंदीतून काढायला लावावं. एक दिवस मंडळ अधिकाऱ्यासमोरची सुनावणी बघायला लावावी, मागे बसून, तोंड बंद ठेवून. शेवटी मार्क द्यायचे ते एकाच प्रश्नाला: या माणसाची कोणती मुदत चालू आहे आणि ती कधी संपते?

शिकवायला माणसंही तालुक्यातच आहेत. निवृत्त मंडळ अधिकारी, निवृत्त अव्वल कारकून, ज्यांची हयात याच नोंदवह्यांत गेली. तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष न्यायाधीश असतात, त्यांनी सांगितलं तर अशी दोन माणसं शनिवारी दोन तास सहज येतील. सध्या प्रशिक्षणाच्या दिवशी चार वकिलांची व्याख्यानं होतात, हार-तुरे होतात, फोटो निघतो, तो फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर येतो.

येत्या राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी बहुतेक तालुक्यांत पुन्हा कायदेविषयक शिबिरं लागतील. तिथे जाणाऱ्यांनी आपला सातबारा आणि फेरफाराची नक्कल सोबत न्यावी, आणि ओळखपत्र लावलेल्या स्वयंसेवकाला ती वाचून दाखवायला सांगावी.