घरचे स्वयंचलित फाटक : सोय आणि सावधगिरी

आपोआप उघडणारे आणि आपोआप मिटणारे दार ही आपल्याकडे आजची नवलाई नव्हे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली पुण्याजवळच्या खडकवासला येथे प्रथम बसविण्यात आले. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरजवळ कावेरीवरील कृष्णराजसागरावर त्याच कल्पनेचा उपयोग झाला. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढू लागले की ते दरवाजे उघडत आणि पातळी उतरली की पुन्हा मिटत. पाण्याचा भार वाढताच धरणाशी झुंज न घेता त्याला वाट करून देणे, हेच त्या रचनेचे मर्म होते.

आता म्हैसूरच्या कुवेंपुनगर, विजयनगर यांसारख्या वसाहतींत आणि पुण्या-नागपूरच्या बंगल्यांतही विजेवर चालणारी फाटके दिसू लागली आहेत. भर पावसात मोटारीतून उतरावे लागत नाही, वृद्धांना जड लोखंड ढकलावे लागत नाही, ही सोय खरोखरच मोठी आहे. परंतु फाटक घेताना वरील मर्म ध्यानी ठेवावे. जे दार अडथळा येताच थांबते आणि माघार घेते, तेच घरात ठेवण्यास योग्य होय.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. २०१० साली ब्रिटनमध्ये अवघ्या आठवडाभराच्या अंतराने दोन चिमुकल्या मुली विजेच्या फाटकांत चिरडून मृत्यू पावल्या. त्यांपैकी वेल्समधील ब्रिजेंड येथील फाटकाच्या चौकशीत असे आढळले, की दार मिटतानाचा त्याचा जोर मान्य मर्यादेत नव्हता आणि देखभाल करणाऱ्यांनी तो मोजलाही नव्हता. युरोपातील मानकानुसार अरुंद फटीत सापडलेल्या माणसावर पडणारा जोर ४०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाच्या दाबाच्या, पलीकडे जाता कामा नये आणि पाऊण सेकंदाच्या आत तो बराच उतरला पाहिजे.

येथेच आपल्याकडे एक घातक चूक वारंवार घडते. रुळात माती साचते, चाके झिजतात किंवा बिजागरी गंजते. फाटक अडखळू लागते. घरमालक कारागिरास बोलावितो आणि कारागीर मोटरीचा जोर वाढवून देतो. फाटक पुन्हा झोकात चालू लागते, सर्वांचे समाधान होते. प्रत्यक्षात मात्र दोष तसाच राहिलेला असतो आणि अडथळा ओळखून थांबण्याची मोटरीची शक्ती तेवढी गेलेली असते. म्हणून फाटक जड झाले तर प्रथम वीज बंद करावी, किल्लीने मोटर सोडवावी आणि फाटक हाताने सरकवून पाहावे. ते सहज सरकत नसेल, तर दुरुस्ती चाकांची व रुळाची करावी. जोर वाढवू देऊ नये. फाटक उतारावर असेल, तर मोटर सोडविताच ते आपणहून धावू लागते, याचेही भान ठेवावे.

दर महिन्यास दोन परीक्षा घ्याव्यात. फाटक मिटत असताना त्याच्या वाटेत लाकडाचा ठोकळा ठेवावा. ठोकळ्यास टेकताच फाटकाने थांबून मागे फिरले पाहिजे. ही परीक्षा हाताने वा पायाने कदापि घेऊ नये. दुसरी परीक्षा खांबांवरील प्रकाश-डोळ्यांची. मिटणाऱ्या फाटकापुढे केरसुणीचा दांडा आडवा धरताच फाटक थांबावयास हवे. थांबले नाही, तर डोळ्यांच्या काचा मऊ, कोरड्या फडक्याने पुसाव्यात. कोळ्याचे जाळे किंवा पावसाने उडालेला चिखलही त्यांना आंधळे करतो. तरीही सुधारणा न झाल्यास दुरुस्ती होईपर्यंत फाटक हातानेच वापरावे.

मात्र हे डोळे सर्वज्ञ नाहीत. त्यांना केवळ एका रेषेतले दिसते. सकाळी फाटकापुढे बसून रांगोळी घालणारी बाई, खांबाआड लपलेले मूल, गजांतून हात आत घालणारा दूधवाला हे त्या रेषेबाहेर असतात. सरकत्या फाटकाचे गज खांबाजवळून जाताना कात्रीसारखे चालतात. म्हणून त्या भागावर बारीक जाळी बसवावी. फाटक स्वतःच्या आवारात उघडावे, रस्त्यावर नव्हे. ते रुळाच्या टोकाबाहेर निसटून अंगावर पडू नये यासाठी दोन्ही टोकांना भक्कम अडणी आणि वर आधाराचे रूळ असलेच पाहिजेत. फाटक दृष्टीस पडत नसता दुरून कळ दाबू नये. कचेरीत बसून फोनवरून तर नव्हेच. दूरनियंत्रकाची कळ हे मुलांचे खेळणे नाही आणि चालते फाटक हा झोपाळा नाही, हे मुलांना प्रेमाने परंतु निक्षून सांगावे. मोटर सोडविण्याची किल्ली कोठे आहे आणि ती कशी फिरवावी, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास, मोलकरणीस व रखवालदारास ठाऊक असावे. कुणी अडकल्यास किल्ली शोधण्यास वेळ नसतो.

विजेची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. जमिनीशी जोडणारी तार आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा खटका आवश्यक आहे. पेटी उघडण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा. मुंग्या व पाली तिच्यात घर करतात, म्हणून तारांची छिद्रे नीट बुजवावीत. दातेरी पट्टीस ग्रीस फासण्याचा मोह टाळावा, कारण त्यावर वाळू चिकटून दाते झिजतात. बिजागरीस मात्र वंगण हवे.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळील तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. एवढ्या प्रचंड यंत्रणेचीही भिस्त अखेर एका साखळीवर होती. घरच्या फाटकाचेही चाक, साखळी व बोल्ट वर्षातून दोनदा जाणकाराने तपासावेत. पहिली तपासणी मृग लागण्यापूर्वी करावी. दुसरीसाठी आपल्या परंपरेने दिवस नेमूनच दिला आहे. म्हैसुरात आयुधपूजा आणि महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणून त्या दिवशी आपण हत्यारे व वाहने पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. यंदा फाटकालाही फुले वाहावीत. परंतु त्याआधी लाकडाच्या ठोकळ्याची परीक्षा घेण्यास विसरू नये.