पैसे घेताना उपचार, फसला की प्रयोग!

डोक्यावर चुंबकीय कॉइल धरायची, तिच्या स्पंदनांनी मेंदूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करायचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तंत्राला २००८ मध्ये मंजुरी दिली ती नैराश्यासाठी. स्वमग्नतेबाबत तो अजून प्रयोगच आहे. तरी तिथले काही खासगी दवाखाने हजारो डॉलर घेऊन तो स्वमग्न मुलांच्या पालकांना विकतात. पैसे घेताना उपचार, फसला की प्रयोग!

आपल्याकडे प्रयोग कुणावर होतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. २००९ साली खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस टोचली, तेव्हा अनेक संमतीपत्रांवर सह्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या होत्या. आईबापांच्या नव्हत्या! मग ज्या स्वमग्न मुलाला बोलताच येत नाही, त्याने नाही म्हणायचे कसे? ते हात झटकते, तोंड फिरवते. तोही नकारच आहे.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा स्वमग्न मुलांनाही लागू आहे. त्याचे सहावे कलम सांगते की, दिव्यांगावर संशोधन करायचे तर त्याला कळेल अशा रीतीने त्याची संमती घ्या, शिवाय सरकारी समितीची पूर्वपरवानगी घ्या. त्या समितीत निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत. यंत्र घेऊन कुणी दारात आला, तर पालकांनी आधी हा परवान्याचा कागद मागावा.