हिमाने घडविलेले सुळके
अमेरिकेतील यूटा राज्याच्या ब्राइस कॅनियनला दरी म्हणणे वस्तुतः चूकच. ती कोणा नदीने कोरलेली नाही. सुमारे ८,००० ते ९,००० फूट उंचीच्या पठाराच्या कडेवरील भेगांत पाणी रात्री गोठते, फुगते आणि चुनखडीचा खडक फोडते; त्यातूनच हे तांबडे-नारिंगी सुळके उभे राहिले. रंग मुख्यत्वे लोहाच्या गंजाचा. सूर्योदयसमयी लोकरी वस्त्रे लेऊन काठावरील पॉइंटवर उभे राहावे; किरणे शिरताच सुळके आतून पेटल्यासारखे दिसतात. खाली उतरणे सोपे. परत चढताना मात्र विरळ हवेत तरुणांसही धाप लागते, मग वडीलधाऱ्यांची काय कथा! त्यांनी काठावरूनच समाधान मानावे. ज्या हिमाने हे घडविले, तेच ते पाडीतही असते. २००६ साली 'वॉल स्ट्रीट' नामक अरुंद वाटेत मोठी दरड कोसळली. हिवाळ्यात ती वाट बंदच ठेवितात.